न्यूयॉर्क किती बैठकांवर

विमान कंपनीच्या तिकीट खिडकीवर मी एकवीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे अंतरं मला पाढ्यांसारखी पाठ आहेत. मुंबई-लंडन सात हजार दोनशे किलोमीटर, नऊ-साडेनऊ तास. लंडन-न्यूयॉर्क साडेपाच हजारांच्या वर, जाताना साडेसात तास आणि येताना वारा पाठीशी असतो म्हणून तासभर कमी. झोपेतून उठवून विचारलंत तरी चूक होणार नाही. पण विदर्भात कुरखेड्याच्या पुढे सुजाताच्या गावी, आंबेटोल्याला, मुंबईहून पोचायला किती वेळ लागतो, हे मला तिने पाच वर्षांत कधी धड सांगितलं नव्हतं. "निघालं की पोचतो, मावशी," एवढंच.

सुजाता माझ्याकडे राहते. मी एकटी, दोन खोल्या, आणि तिला इस्पितळाजवळ जागा हवी होती. आली तेव्हा शिकाऊ नर्स होती, आता ऑपरेशन थिएटरमध्ये डॉक्टरही तिला बिचकून असतात. गेल्या वर्षाअखेर तिला न्यूयॉर्कच्या एका इस्पितळाचं पत्र आलं. तीन वर्षांचा करार, उत्तर फेब्रुवारीच्या आत. मी पेढे आणले. तिने ते डब्यात ठेवून दिले आणि म्हणाली, "बाबा हो म्हणाले तर जाईन. नाही म्हणाले तर कागद फाडून टाकीन." बाबा मात्र हो म्हणेनात की नाही. त्यांनी गावच्या गुरुजींकडून पोस्टकार्ड लिहवून पाठवलं: "ये. इथी बोलू. तिकिटवाल्या बाईले संगं आन."

मला कुणी असं बोलावलं की आधी राग येतो आणि मग मी बॅग भरते.

नागभीडपर्यंत

मुंबई-नागपूर विमान सव्वा तासाचं. सातशेच्या आत किलोमीटर. चहा येतो, कप परत जातो, की आलंच नागपूर. तिथून इतवारीला नॅरोगेजच्या गाडीत बसलो आणि माझं सगळं ज्ञान खिडकीबाहेर गेलं. विमानाने सव्वा तासात तोडलं त्याच्या सहाव्या हिश्श्याइतकं अंतर, आणि गाडीने त्याला अख्खी दुपार घेतली. मी पहिले दोन तास घड्याळ पाहत होते. नंतर ते पर्समध्ये टाकलं, कारण बाहेर पाहण्यासारखं फार होतं.

उमरेडच्या पुढे जमीन बदलते. कापूस, ज्वारी मागे राहतात आणि बांध घातलेल्या धानाच्या बांध्या सुरू होतात. जानेवारी होता, धान कापून झालं होतं, पण बांध्या उघड्या नव्हत्या. कापणीआधीच ओलीत फेकलेली लाखोळीची डाळ त्यांत गुडघ्याएवढी वाढली होती आणि तिची निळी फुलं दूरवर दिसत होती. एका पाण्यात दोन पिकं. आमच्याकडे कोकणात भात कापला की जमीन गुरांना मोकळी. मी हे सुजाताला म्हटलं तर ती म्हणाली, "इथी काही वाया नाई जात." मुंबईतली तिची भाषा इतवारीच्या स्टेशनातच उतरून गेली होती.

नागभीडला उतरलो तेव्हा पुढची गाडी गेलेली. सुजाताच्या ओळखीच्या एका घरी राहिलो. त्या बाईंनी तांदळाच्या भाकरी आणि वांगी घालून केलेले सुके झिंगे वाढले. ते इतके तिखट होते की मला दोन भाकरींनंतर नवऱ्याच्या आठवणीनेही आलं नव्हतं इतकं पाणी डोळ्यांत आलं. नवऱ्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती इथे सांगायचं कारण नाही.

आरमोरीवरून

दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीवरून वैनगंगा ओलांडून आरमोरी. आठवडी बाजार होता. मिरच्यांचे ढीग, बांबूच्या टोपल्या, तळ्यातली जिवंत मासळी. कुरखेड्याच्या बसमध्ये आम्ही बसलो, ती भरली, सुटली, आणि गावाबाहेर एका झाडाखाली थांबून राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी कंडक्टरला विचारलं, काय बिघडलं?

"काई नाई जी. एक म्हातारी येऊन राह्यली."

"कुठे आहे?"

"दिसत नाई अजून. पन सकाळी जाताना सांगून गेली होती का मी येतो म्हनून."

बसमधल्या एकानेही कुरकुर केली नाही. एकाने तेवढ्यात तंबाखू मळली, दुसऱ्याने वाटून घेतली. म्हातारी आली, तिने उशीर झाला असं म्हटलं नाही आणि कुणी तिला तसं सुचवलंही नाही. आमच्याकडे विमानाचा दरवाजा बंद झाला की आतून आई आणि बाहेरून मुलगा काचेवर हात ठेवून उभे राहिलेले मी पाहिले आहेत. नियम म्हणजे नियम, असं मी कितीजणांना ऐकवलं असेल. त्या बसमध्ये मला तो नियम जरा ओशाळवाणा वाटला.

आंबेटोला

कुरखेड्याहून दोन कोस पायी. वाट सागाच्या आणि मोहाच्या झाडांतून जाते. जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली वेगळा झाल्याला दोनतीन वर्षं झाली होती, पण या वाटेला त्याचा पत्ता नसावा. झाडं इतकी उंच की मान मोडून पाहावं. मी शहरातली, झाडं म्हणजे मला फूटपाथवर सिमेंटच्या कड्यात उभी असलेली माहीत. तिथे मी मुकाट चालले, आणि मी मुकाट चालते असं फार कमी वेळा घडतं.

अर्ध्या वाटेवर एका दगडावर एक उंच, वाळकुडा म्हातारा बसला होता. सुजाता धावली. हे तिचे बाबा, सुखदेवभाऊ. आम्हाला न्यायला आले होते, पण दम्याने त्यांना मधेच बसवलं होतं.

"तीन बैठका झाल्या," ते मला म्हणाले, जणू ओळख जुनीच आहे. "तुमी नसता आल्या तं अजून चार झाल्या असत्या."

मला कळेना. चालता चालता त्यांनी समजावलं. छाती भरून येते म्हणून ते ठराविक ठिकाणी बसतात, आणि आता सगळं अंतर त्यांनी त्यावर लावून ठेवलं आहे. तळं दोन बैठका. कुरखेडा सात. सुजाताची शाळा होती ते गाव अकरा, ते आता होत नाही.

"तुमचं ते न्यूयॉर्क किती बैठकांचं हाय जी?"

मी विचार करून सांगितलं, "एकच. मधे लंडनला विमान टेकतं."

ते थांबले. छातीवर हात ठेवून हसले. "एकच? मंग कुरखेड्याहून जवळच हाय न." आणि लगेच हसू आवरून म्हणाले, "जाताना जवळ. येताना किती, ते पाहा लागन."

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातल्या फार थोड्या चांगल्या दिवसांपैकी. तीस-पस्तीस घरांची वस्ती. एका बाजूला छप्पन साली दीक्षा घेतलेल्यांची घरं, लागूनच तळ्यावर जाळं टाकणाऱ्या ढिवरांची. मधे रस्ता नाही, फक्त एक चिंच. सकाळी एका घरात विस्तव पेटतो आणि बाकीच्या बायका गोवरीवर निखारा घेऊन आपापल्या चुलीकडे जातात. काडी वाचवायला नव्हे, सुजाताची वहिनी म्हणाली, सवय आहे, आणि कोण उठलं कोण नाही तेही कळतं. ढिवरांचे काशीरामभाऊ रोज पहाटे तळ्यातून येताना सुखदेवभाऊंच्या दारात दोन मासे ठेवून जात. मी आल्यापासून तीन ठेवू लागले. त्यांची बायको पार्बताबाई मला म्हणाली, "तुमी काटे काढून राह्यल्या का मासा खाऊन राह्यल्या, काई समजत नाई." मला मासे खाता येत नाहीत असं म्हणणारी ही जगातली पहिली बाई, आणि मी रत्नागिरीची आहे.

पण ज्यासाठी मला बोलावलं होतं त्याबद्दल कुणी चकार शब्द काढेना. सुजाता कागदांची पिशवी घेऊन वावरायची आणि बाबांसमोर आली की ती मागे लपवायची. ऑपरेशन थिएटर गाजवणारी ही मुलगी. मला तिची कीवही यायची आणि रागही यायचा.

तिसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आम्हाला विहाराच्या अंगणात बोलावलं. सगळी वस्ती जमली होती, दोन्ही बाजूंची. बायका पुढे, कारण त्यांना स्वयंपाकाला परत जायचं होतं. शाळेच्या गुरुजींनी खडूची पेटी आणली होती. ते मला म्हणाले, "प्रश्न साधा आहे, बाई. सुखदेवभाऊंचं काही बरंवाईट झालं, तर पोरगी न्यूयॉर्कवरून मातीला किती वेळात पोचेल? तुम्ही त्यातल्या जाणकार. हिशेब मांडून द्या."

मला धक्काच बसला. ज्याच्या मातीचा हिशेब तो माणूस समोर पाय पसरून बसलेला.

"सांगा जी," सुखदेवभाऊ म्हणाले, "लाजू नोका. मले बी ऐकाचं हाय."

मग गुरुजींनी कारण सांगितलं. या वस्तीत मयत झाली की माती होईपर्यंत एकाही घरात चूल पेटत नाही. आणि लेकरू यायचं असेल तर त्याच्यासाठी थांबतात. गेल्या उन्हाळ्यात गोमाजी म्हातारा गेला. मुलगा भिलाईला कामाला, तार उशिरा मिळाली. दीड दिवस वस्तीत धूर निघाला नाही. पोरं मुरमुऱ्यांवर राहिली, दोन म्हाताऱ्या चक्कर येऊन पडल्या. मुलगा आला तो आधी बापाकडे न जाता चिंचेखाली उभा राहिला आणि त्याने सगळ्यांपुढे हात जोडले.

"भिलाई तं इथीच हाय," मागून कुणीतरी म्हणालं.

आता मला उमगलं, निदान तसं वाटलं. बाप नाही म्हणू शकत नव्हता म्हणून त्याने वस्तीला पुढे केलं होतं, आणि नाही म्हणायला माझेच आकडे वापरणार होते. मी खडू घेतला, पण आतून पेटले होते.

सारवलेल्या अंगणात मी न्यूयॉर्क लिहिलं, लंडन लिहिलं, मुंबई लिहिली. पावणेतेरा हजार किलोमीटर. विमान तिथून सोमवारी रात्री आठला सुटतं, इथे मंगळवार संपला की रात्री साडेबाराला उतरतं. गुरुजींनी चटकन बोटं मोजली. "साडेअठ्ठावीस तास."

"नाही, गुरुजी. अठराच. घड्याळ साडेदहा तास पुढे जातं."

"मंग ते साडेदहा तास जाते कुठी?" काशीरामभाऊंनी विचारलं.

एकवीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. वेळ स्थानिक आहे, असं आमच्या वेळापत्रकात खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि लोक मान डोलावतात.  सुजाता उठली, कुणाच्या तरी पडवीतला भोपळा घेतला, काशीरामभाऊंना मधे उभं करून "तुमी सूर्य" म्हणाली आणि त्यांच्यासमोर भोपळा जागच्या जागी गोल फिरवून दाखवला. इकडे उजेड तेव्हा तिकडे अंधार. पोरं हसली. काशीरामभाऊ सूर्य होऊन ताठ उभे राहिले, मग म्हणाले, "म्हंजे आमी मासोळी आनून टाकू तवा ही झोपाले जाईन. बरं. मांडा पुढं."

पुढे मांडलं. कुरखेड्यावरून तार, तारा शाबूत असल्या तर एक दिवस. ती तिच्या हातात पडून सीट मिळेपर्यंत आणखी अर्धा दिवस. सीट मी मिळवून देईन, नोकरी गेली तरी, असं मी म्हटलं आणि ते खरं होतं. विमान अठरा तास. मुंबईत सकाळच्या नागपूरच्या विमानाची वाट. नागपूर सव्वा तास. मग इतवारीची गाडी, नागभीडचा मुक्काम, आरमोरी, कुरखेडा, दोन कोस पायी. मी बेरीज केली, पुन्हा केली.

"चार दिवस."

चारातला पुरता एक दिवसही विमानाचा नव्हता. पावणेतेरा हजार किलोमीटर अठरा तासांत, आणि बाकीचे तीन दिवस तारेला, वाट पाहण्याला आणि उरलेल्या चिमूटभर अंतराला. जगभरची अंतरं पाठ असल्याचा माझा ताठा त्या अंगणात उतरला.

 सुजाताने पिशवीतून कागद काढले आणि मांडीवर ठेवले. तिची बोटं काठावर होती. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

पार्बताबाई बोलली. "चार दिवस म्हंजे आठ जेवनं. लेकरं नाई राह्याचे." तिने तळ्याकडे पाहिलं. "तं चुली तळ्याच्या पारीवर, त्या बांधावर, मांडू. पार काई वस्तीत येत नाई. तिथी रांधू, तिथीच खाऊ. वस्तीत धूर नाई निघनार."

"पारीवर वारा राह्यते वो," दुसरी म्हणाली.

"तट्ट्या बांधू."

"लाकडं आमच्याकडून," मागून एकजण म्हणाला.

आणि काशीरामभाऊ, अजून सूर्याच्याच जागी उभे, विचार करत म्हणाले, "बर्फ मी आनतो. मासोळीचा व्यापारी वडशावरून आनते. कोंड्यात दाबून ठेवला का तीन दिवस हालत नाई. चौथ्या दिवशी पुन्हा आनू."

"मले मासोळीवानी ठेवता काय गा?" सुखदेवभाऊंनी विचारलं.

"तुमाले त्याहून जपून ठेवू, भाऊ."

सगळं अंगण हसलं. सुखदेवभाऊ सगळ्यांत जास्त हसले आणि त्यांना खोकला आला.

मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. ही माणसं पोरीला अडवायला जमलीच नव्हती. पोरगी जाणार हे त्यांनी धरलंच होतं. त्यांना फक्त किती दिवस थांबावं लागेल ते हवं होतं, म्हणजे लाकूड आणि बर्फ बघता येईल. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावरचे गृहस्थ गेले तेव्हा त्यांना खाली नेत असताना तिसऱ्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली होती. तिसऱ्या मजल्यावर मी राहते. मला त्या अंगणात त्याची लाज वाटली, आणि अजून वाटते.

"नाई," सुखदेवभाऊ म्हणाले.

हसणं थांबलं. ते भिंतीला धरून उभे राहिले, दम घेतला.

"तुमी थांबान, मले मालूम हाय. पन हे पोट्टी तिथी रोज मोजत बसन. बाप खोकलला असन का, तार निघाली असन का. थांबनारे इथी उपाशी अन् येनारी तिथी उपाशी." पुन्हा दम. "छप्पन साली मी पायी नागपूरले निघालो, तवा माही माय खाटेवर होती. तिनं मले जवळ बोलावलं, माह्या हातून पानी पेलं अन् म्हने, झालं तुह्यं काम, आता मांगं पाहू नोको. वापस आलो तं खाट रिकामी होती. रडलो. पन मनावर दगड नाई राह्यला."

त्यांनी सुजाताकडे पाहिलं. "पानी आन, माय."

ती उठली. कागद तिच्या मांडीवरून सांडले, ते मी गोळा केले. विहाराच्या मडक्यातून तिने तांब्या भरून आणला. बाबा खाली बसले, ती त्यांच्यासमोर गुडघ्यावर. तांब्या पुढे केला तर त्यांनी मान हलवली. तिला समजलं. तिने ओंजळीत पाणी घेतलं. अर्धं त्यांच्या सदऱ्यावर गेलं. उरलेलं ते तिच्या ओंजळीला तोंड लावून घोट घोट प्याले, सगळ्यांदेखत, घाई न करता.

मग तोंड पुसून वस्तीकडे वळले. "माह्या लेकीनं मले पानी पाजलं. तुमी सगळ्यायनं पाह्यलं. आता मी गेलो का कोनी तिच्यासाठी थांबाचं नाई. उचलाचं, माती द्याची, अन् सांजच्याले चुली पेटवाच्या. जा आता, भात टाका."

कुणी जागचं हललं नाही. पार्बताबाई पदराने डोळे पुसत होती. मी पुसत नव्हते, नुसती रडत होते.

सुजाताच्या ओंजळीतून अजून पाणी ठिबकत होतं. तिने विचारलं, "अजून देऊ, बाबा?"

"दे न," सुखदेवभाऊ म्हणाले. "बोलून बोलून तहान लागून राह्यली."